अर्धा फेरा

५ जानेवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आई जाताना तिला शब्द दिला होता म्हणून वर्षातून एकदा आपण एकमेकींना खुशाली कळवतो. तशीच ही कळवते. मी बरी आहे. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. डॉक्टर म्हणतात अजून पिकायचाय.

जूनमध्ये लॅबमधून निवृत्त झाले. चौतीस वर्षं लोकांचे दात घडवले. निरोपाच्या दिवशी मालक म्हणाले, ‘अर्धं शहर बाईंच्या हातच्या दातांनी हसतंय.’ सगळे हसले. मी मनात म्हटलं, उरलेलं अर्धं हसतच नसेल. घरी आल्यावर मात्र हातांना काही सुचेना. मेणाचा वास नाही, कानस नाही. टेबलावर पेपर पसरून त्यावर उगीच हात ठेवून बसायची.

आता बातमी. मी पिस्तूल घेतलं.

भलतंसलतं मनात आणू नकोस. तुला ठाऊक आहे, नेमबाजी मी सोडली नाही. दर रविवारी इथल्या नव्या क्लबात जाते, त्यांच्याच पिस्तुलानं तीस-चाळीस गोळ्या झाडते आणि परत येते. स्पर्धाबिर्धा काही नाही. कुणी नर्सरीत जाऊन झाडं बघतं तशी मी बंदुकीच्या दुकानात जाऊन जुन्या वस्तू बघत बसते. दुकानदाराला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो सगळ्या गल्लीला ऐकवत बोलतो. नोव्हेंबरात तेलाची बाटली आणायला गेले तर ओरडला, ‘बाई, तुमच्या जोगी वस्तू आलीय! अशी आता बनवत नाहीत!’

कापडाखाली पॉइंट टू-टू होतं. टार्गेटचं, लांब नळीचं, पाच गोळ्यांचं. बाबांच्या क्लबात तसली दोन होती बघ. हे त्यातलं नव्हे, पण तसलंच. पोलाद काळं नाही, निळं. आणि कडांवर जिथे हात लागून लागून रंग उडालाय तिथे चांदीसारखं. मी मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे दोनदा पाहिलं (बाबांची सवय हाडात गेलीय) आणि नळीतून खिडकीकडे बघितलं. आतल्या खाचा स्वच्छ, कुठे गंजाचा ठिपका नाही. चाप असा सुटतो, की बोटाला कळायच्या आत काम झालेलं असतं.

‘घरात कोण कोण असतं?’ परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

‘मीच.’

‘आणि या वयात पिस्तूल कशाला?’

‘शौक आहे.’

‘शौकाला बायका विणकाम करतात.’

‘तेही करते,’ मी म्हटलं. ‘स्वेटर आणून दाखवू?’

त्यांनी सही केली. पिस्तूल क्लबच्या कुलूपबंद कपाटात असतं, घरी नाही. म्हणून म्हटलं, भलतंसलतं मनात आणू नकोस.

एवढंच. भाचीला माझे आशीर्वाद सांग. तिच्या जावयाला... चुकले, तिच्या नवऱ्याला, तुझ्या जावयाला.

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद.

परवा भाचीचा फोन आला. बिचारी इकडतिकडचं बोलून मग म्हणाली, ‘मावशी, आई म्हणते, त्या बंदुकीबिंदुकीचं काही लिहू नकोस.’ मी बरं म्हटलं. आणि आता लिहायला बसलेय. वर्षातून एकच पत्र हा नियमही मोडतेय. रागव.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पिस्तूल ‘तसलंच’ नाही. तेच आहे. तुझं.

आपला जुना क्लब दोन वर्षांपूर्वी बंद पडला. जागा गोदामाला गेली. कपाटातली हत्यारं फिरत फिरत या दुकानात आली. दुकानदारानं कापड बाजूला केलं तेव्हाच मी ओळखलं होतं. नंबर नंतर वाचला. मूठ आधी दिसली. अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ बाबांनी तुझ्या पंजाच्या मापानं कोरली होती. क्लबात बाबा हत्यारं दुरुस्त करायचे, पण एवढं काम त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. रोज संध्याकाळी तुला वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसवायचे, तुझ्या तळव्याला खडू फासायचे, मूठ धरायला लावायचे आणि जिथे खडू उमटेल तिथलं लाकूड कानशीनं काढायचे. तू कंटाळायचीस. ‘बाबा, बोट झिजलं माझं!’ ते म्हणायचे, ‘लाकूड झिजतंय, बोट नाही. गप बस.’

मी दाराशी तुझी वही आणि पाण्याची बाटली घेऊन उभी असायची.

आता ते माझ्या हातात बसत नाही. अंगठ्याचा उंचवटा चुकीच्या जागी येतो, करंगळीला आधार नाही. दुकानदार म्हणाला, ‘मूठ बदलून देतो, आठ दिवसांचं काम.’ मी नको म्हटलं. क्लबातल्या कोचनं पकडून बघितलं आणि म्हणाला, ‘ज्या हातासाठी केलंय तो फार शांत हात असणार.’ मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन चूळ भरली.

बारके, तुझा हात खरंच शांत होता. तू एकोणीसची होतीस, आणि तेवीसची मी तुझ्याशेजारच्या लेनमध्ये उभी राहून घामाघूम व्हायची. निवड चाचणीच्या शनिवारी पहिल्या चाळीस गोळ्यांनंतर तू माझ्यापुढे नऊ गुणांनी होतीस. बाकीच्या मुली केव्हाच मागे पडल्या होत्या. मग तुझी एक गोळी डावीकडे गेली. पुढची आणखी डावीकडे. तू साइट, म्हणजे नेम धरायची खाच, सरकवून घेतलीस, तर तिसरी पार उजवीकडे. मी बाजूनं पाहत होते. तुझी मान लाल झाली होती. तू हात वर केलास, पंच आले, ‘हत्यार तुमची जबाबदारी’ म्हणाले, घड्याळ चालूच. शेवटी मी तीन गुणांनी पुढे.

मागच्या साइटचा स्क्रू सैल निघाला. आणि सगळ्यांसमोर, सेक्रेटरी, पंच, इतर मुलींचे आईवडील, सगळ्यांसमोर तू पिस्तूल टेबलावर ठेवून बाबांना म्हणालीस, ‘साधा एक स्क्रू आवळता येत नाही तुम्हाला?’

बाबांनी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, स्क्रूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग खिशात ठेवून म्हणाले, ‘माझंच चुकलं.’

मला त्या दिवसाबद्दलच लिहायचं होतं. पण आज हात पुढे जात नाही. पुन्हा लिहीन. तुला ते पिस्तूल हवं असेल तर कळव. परवान्याचं वगैरे मी बघते.

ताई


३ मार्च

प्रिय बारके,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमननं वाचलं असणारच, कारण देताना त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. तू लिहिलंस, ‘पिस्तूल तुझं तुला लखलाभ. ज्या माणसाच्या निष्काळजीपणानं माझं सगळं गेलं, त्याचं कौतुक मला लिहून पाठवू नकोस.’

तो स्क्रू बाबांनी आवळला होता. मी सैल केला.

हे वाक्य लिहायला अडतीस वर्षं लागली आणि लिहून बघते तर एका ओळीतही नीट मावतंय.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला बाबा सेक्रेटरींनी बोलावलं म्हणून ऑफिसात गेले. मला म्हणाले, ‘इथेच थांब, कुणी आलं तर बसव.’ तुझं पिस्तूल फडक्यावर तयार ठेवलं होतं. माझं, म्हणजे क्लबचं दुसरं, अजून कपाटातच होतं. त्याला त्या आठवड्यात कुणी हातही लावला नव्हता. बारीक स्क्रूड्रायव्हर शेजारी पडला होता. मी तो उचलला. पूर्ण काढायचा नाही एवढं मला कळत होतं, कारण मग सरावाच्या गोळ्यांतच तुझ्या लक्षात आलं असतं. अर्धा फेरा. हादरे बसत बसत साइट सरकेल आणि उरलेलं काम स्वतः करेल. मी बाबांची मुलगी, मला हे ठाऊक होतं. मग स्क्रूड्रायव्हर होता तसा, होता त्याच दिशेला ठेवला. बाबा आले तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते.

का केलं, ते सांगत बसले तर वाटेल मी माफी मागायची तयारी करतेय. माझं ते शेवटचं वर्ष होतं, त्यानंतर नोकरी. आणि तुझी मूठ कोरताना बाबा गुणगुणायचे. बस, एवढंच.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, आणि माहीत नाही. तुझ्या जागी मी मोठ्या स्पर्धेला गेले आणि खालून चौथी आले. बाबा स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी हलताना खिडकीशी चालत म्हणाले, ‘आता तरी नीट खेळ.’ मी तेव्हा ‘आता तरी’चा अर्थ लावला नाही. लावायचा नव्हता. महिन्याभरात क्लबानं त्यांना काढलं. ज्याच्या हातून स्पर्धेच्या हत्याराचा स्क्रू सुटतो त्याला कोण ठेवणार? मग मंडईच्या कोपऱ्यावर कुलपं आणि किल्ल्या. बावीस वर्षं. तू नोकरी धरून गाव सोडलंस, लग्नात त्यांना परक्यासारखं खुर्चीवर बसवलंस, परत कधी धड बोलली नाहीस. मी हे सगळं बघत होते. तोंड उघडायला मला रोज एक सकाळ मिळत होती.

हॉस्पिटलात ते होते तेव्हा मी तुला फोन केला, आठवतंय? तू म्हणालीस, ‘मी येऊन काय करू?’ तेव्हा सांगायला हवं होतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला तू होतीस, काचेपलीकडे ते. मी म्हटलं, ‘बरं.’

आत गेले तर त्यांनी विचारलं, ‘काय म्हणाली?’

‘कामात आहे. जमलं तर येते म्हणाली.’

‘नको तिला त्रास देऊस,’ ते म्हणाले. आणि जरा थांबून, ‘तूही नको करून घेऊस.’

मला वाटलं, धावपळीचा त्रास म्हणतायत.

आता पिस्तूल का घेतलं ते सांगते. शौक आहे, खोटं नाही. पण दुकानात ते कापडाखालून निघालं तेव्हा माझी नजर आधी मुठीवर आणि मग त्या स्क्रूवर गेली, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये असं झालं. चोराला आपण फोडलेली कडी बघावीशी वाटते, तसं काहीतरी.

पेटी जुनीच होती, क्लबची. जानेवारीच्या शेवटी एका रविवारी क्लबात मी ती साफ करायला घेतली. झाकणाच्या आतल्या हिरव्या कापडामागे देखभालीचं कार्ड होतं. प्रत्येक हत्याराचं असायचं, बाबा त्यावर काय केलं ते लिहायचे. मी चष्मा पुसला, भिंग लावलं. शेवटच्या दोन नोंदी अशा आहेत. जशाच्या तशा उतरवते.

‘शुक्रवार, तीन वाजता. मागची साइट बसवली. स्क्रू घट्ट. लाल खूण केली.’

‘शनिवार, चाचणीनंतर. स्क्रू खुणेपासून अर्धा फेरा उलटा. आपोआप नाही. जबाबदारी माझी.’

भिंगातून स्क्रू बघितला, लाल ठिपका अजून आहे: ते आईच्या नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पोलादावर केसाएवढी रेघ ओढत असणार. स्क्रू हलला की रेघ तुटते. मला हे ठाऊक नव्हतं. त्या शुक्रवारी दुपारी मी ती रेघ पाहिलीही नाही. त्यांनी भिंग लावून तीच बघितली. आणि त्या दुपारी वर्कशॉपमध्ये कोण होतं, हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोंडानं ते माझ्यासाठी खोटं बोलले. कार्डावर मात्र त्यांना खोटं लिहवेना. ‘आपोआप नाही’, दोन शब्दांत खरं लिहून पेटीत ठेवून दिलं, कुणीही उघडून वाचावं असं. अडतीस वर्षांत कुणी वाचलं नाही.

हे सगळं कळून मला पाच आठवडे झाले. मधलं पत्र लिहिलं तेव्हा कार्ड माझ्यासमोर टेबलावर होतं. तरी नाही लिहिलं. तुझं पोस्टकार्ड आलं नसतं तर कदाचित अजूनही मी तुला मुठीच्या गोष्टी सांगत बसले असते.

मूळ कार्ड पाठवत नाही. त्यांच्या हस्ताक्षरातलं माझ्याबद्दलचं एवढंच आहे. स्वार्थ म्हण.

काय मागू? काही मागत नाही. फक्त त्यांच्यावरचा राग काढून घे. तो माझा आहे.

ताई


६ एप्रिल

प्रिय बारके,

तुझं पाकीट काल मिळालं. कागद उलटसुलट करून पाहिला, पण दोनच ओळी आहेत. ‘मूळ कार्ड पाठव. तू येऊ नकोस.’

सोबत कार्ड आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलंय, म्हणजे घडी पडणार नाही. उजवा कोपरा आधीच दुमडलेला होता, तो माझ्या हातून झालेला नाही. शाई फिकट झालीय, उन्हात ठेवू नकोस. ‘जबाबदारी’ या शब्दाच्या वेलांटीवर डाग आहे, तो तेलाचा, त्यांच्या बोटाचा असावा. वास घेऊन बघितला. काही येत नाही.

येणार नाही. भाचीलाही फोन करणार नाही. तिला तू काय सांगायचं ते सांग, कमी करून सांगू नकोस.

पिस्तूल परत केलं. एकदाही झाडलं नाही. दुकानदार नळीतून बघत ओरडला, ‘काय हो बाई, खोट निघाली?’

‘वस्तूत नाही,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘वस्तूत नाही म्हटलं!’ मला ओरडावं लागलं. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याला मी सांगितलंय, घेणारा कुणीही असो, ती मूठ बदलायची असेल तर जुनी मूठ फेकू नकोस, तुझ्या पत्त्यावर पाठव. तुला नको असेल तर तू फेक. तो हक्क तुझा आहे, दुकानदाराचा नाही आणि माझाही नाही. त्यानं पत्ता वहीत लिहून घेतलाय.

रविवारी क्लबात गेले नाही. या रविवारीही जाणार नाही. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. लॅबमधली जुनी मदतनीस सोबत येते म्हणालीय, तेव्हा काळजी नाही. तू केली असतीस असं नाही, पण पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

मंडईच्या कोपऱ्यावर जाऊन आले. बाबांच्या जागी आता एक बाई मोबाइलची कव्हरं विकते. तिला विचारलं, इथे एक किल्लीवाले बसायचे, आठवतात का? म्हणाली, ‘मी येऊन चारच वर्षं झाली, आजी.’ मी तिच्याकडून एक कव्हर घेतलं. माझ्या फोनला ते बसत नाही.

आणखी खूप लिहिता येईल, पण तू दोन ओळींत भागवलंस, तेव्हा मीही आवरते. हे पाकीट रजिस्टर्ड पाठवतेय. घेताना पोस्टमन तुझी सही मागेल, ती तेवढी कर. पोचपावती माझ्याकडे परत येईल आणि तिच्यावर तुझं नाव तुझ्या अक्षरात असेल. दुसरं उत्तर मी मागणार नाही.

तुझी नसले तरी,
ताई